शुभ्र तांदळाचा संकल्प

आमच्या घरातली विद्या वाटली गेली ती अशी: वडिलांना वेद आला, धाकट्या भावाला रसायनशास्त्र आलं, आणि मला उखळ आलं. तक्रार म्हणून सांगत नाही. उखळामुळे माझे दंड असे झाले की कडावच्या बाजारात कापड घ्यायला गेले की दुकानदार न विचारता वीतभर जास्त फाडायचा. विद्येनं कुणाला इतका मान मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. नवरा विषमज्वरात गेला आणि मी कडावला माहेरी परत आले, ती कायमची. आई त्याच्या आधीच गेली होती. वडिलांना घर सांभाळायला बाई हवी होती आणि मला सांभाळायला घर हवं होतं. दोघांची सोय झाली, आणि सोय झाल्यावर माणसं जेवढी सुखी असतात तेवढी आम्ही होतो.

वडील घनपाठी होते. हे काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वेदाची ओळ सरळ म्हणणं वेगळं आणि घन म्हणणं वेगळं. घनात दोन शब्द पुढे जायचे, तेच दोन उलटे मागे यायचे, मग तिसरा शब्द जोडून तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे. मग पहिला शब्द सोडून दुसऱ्यापासून तीच वाट. शब्दांना चारी बाजूंनी इतका पहारा की एक काना इकडचा तिकडे होऊ नये. कर्जतला घाट चढण्यापूर्वी गाडीला मागूनही इंजिन लावतात, तसं आमच्या वडिलांच्या प्रत्येक शब्दाला पुढून एक आणि मागून एक शब्द लावलेला असे. घरात पोथी नव्हती. पोथी बघून म्हणणारा तो पाठक कसला, असं त्यांचं मत. जे होतं ते डोक्यात होतं, आणि रोज सकाळी ओटीवर बसून ते डोक्यातून बाहेर काढून, झटकून, पुन्हा आत ठेवायचं, हा त्यांचा परिपाठ.

मी तो सगळा आतून ऐकला. दळताना ऐकला, कांडताना ऐकला, परकरात असल्यापासून ऐकला. अर्थ मला एका ओळीचाही कळत नव्हता आणि आजही कळत नाही. पण पुढचा शब्द कुठला, तो मला माहीत असे, जसा आपल्या घरातल्या जिन्याचा पुढचा पाय अंधारात माहीत असतो. सात-आठ वर्षांची असताना एकदा वडील शिंकेसाठी थांबले आणि मी स्वयंपाकघरातून पुढचा शब्द मोठ्यानं म्हटला. आईनं माझ्या तोंडावर पिठाचा हात दाबला. बाईच्या तोंडी वेद म्हणजे काय ते मला तेव्हा नाकातोंडात पीठ जाऊन कळलं. वडिलांनी ऐकलं नसावं. निदान ते काही बोलले नाहीत. शिंक आटोपून त्यांनी तोच शब्द घेतला आणि पुढे गेले.

लढाईच्या दिवसांत कर्जतला इंजिनावरची भाताची गिरणी जोरात चालायला लागली. बैलगाडीत पोती टाकून पाठवली की संध्याकाळी तांदूळ परत. आणि काय तांदूळ. मोगऱ्याच्या कळ्या ओताव्यात तसा. आमच्या उखळातला तांदूळ तांबूस, कुठे तुटका, कुठे कोंडा चिकटलेला. माझ्याबरोबर कांडायला एक कुणब्याची बाई यायची. तिनं पहिल्यांदा गिरणीचा तांदूळ मुठीत घेतला, वास घेतला आणि पुन्हा सुपात टाकला.

"ह्यो तर आंघोळ करून आलाय गं बाय. आता तुझं नि माझं काय काम हाय हितं?"

"तुझे हात दुखायचे थांबतील."

"हात दुखायचे थांबतील नि पोट दुखाया लागंल." ती हसली. "तो इंजिनवाला मला ठेवतो का बघ, टेकून उभी ऱ्हाते नि भक्‌भक् करते."

तिचं काम गेलं. कोंडा मात्र ती कोंबड्यांसाठी मागून न्यायची. मी देत असे. उरलेला आमच्या म्हशीला. मला स्वतःला गिरणीचा आनंदच झाला होता हे सांगायला हवं. खांदे हलके झाले. उखळ पडवीच्या कोपऱ्यात उपडं पडलं आणि मी त्यावर बसून भाजी निवडू लागले. वडिलांनाही तो तांदूळ फार आवडला. पानात भात पडला की ते क्षणभर बघत राहत. "किती शुभ्र," म्हणत. बाकी स्वयंपाकाला त्यांनी जन्मात कधी विशेषण लावलं नव्हतं.

आणि मग ती श्रावणी आली.

कर्जतला त्या वर्षी श्रावणीला, नवं जानवं घालायला, आजूबाजूचे वैदिक जमले होते. वडील घन म्हणायला बसले, आणि एका ठिकाणी अडले. चुकले नाहीत, अडले. वय झालं होतं, प्रवासानं घसा बसला होता, कारणं पुष्कळ होती. समोर बसलेल्या एका तरुण पाठकानं पुढचा शब्द सुचवला. अगदी हळू, आदरानं. वडिलांनी तो घेतला, पाठ पुरा केला, दक्षिणा घेतली नाही, जेवले नाहीत, आणि बैलगाडीत बसून परत आले. मी पायावर पाणी घातलं तेव्हा म्हणाले, "आज मला शब्द भिक्षेत मिळाला."

दुसऱ्या दिवशी स्नान करून ते ओटीवर बसले, हातात पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. मी दाराआड होते. तो पाठ आरंभापासून अखेरपर्यंत निर्दोष म्हणता येईपर्यंत एकधान्य, दिवसातून एकदाच, शुभ्र तांदूळ, मीठ, आणि चमचाभर तूप. वरण नाही, भाजी नाही, दूध नाही, ताक नाही. एकधान्य चातुर्मासात पुष्कळ लोक करतात. शुभ्र हा शब्द मात्र त्यांनी आपल्या आवडीनं घातला. देवापुढे बोलताना माणूस आपल्याला आवडणारं विशेषण घालतोच. पाणी हातातून सुटलं, आणि तो शब्दही त्याबरोबर सुटला.

मला वाटलं, चार दिवसांचा प्रकार. इतकी वर्षं म्हटलेला पाठ, परवा म्हणतील आणि परवा वरण लागेल. पण वडील दुसऱ्याचे परीक्षक असते तर दयाळू असते, स्वतःचे परीक्षक होते. रोज सकाळी म्हणायचे आणि शेवटी स्वतःच म्हणायचे, "चुकलं." कुठे स्वर जरा खाली गेला, कुठे श्वास मधे घेतला. मला आतून ती चूक ऐकू आलेली असायची, तीळभराची. एखादी आई पोराच्या अंगावरची तेवढी माती फुंकरही न मारता सोडून देईल. ते सोडत नसत. उठायचे, पांढऱ्या भाताच्या पानावर बसायचे आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायचे.

तांदूळ सोवळ्यात, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा. शिजला की पेज वेळून काढायची, म्हणजे भात मोकळा होतो. ती पेज म्हशीला. आम्ही तिला जन्मभर गोठ्यात बांधून ठेवलं आणि घरातलं सगळं सत्त्व तिला घातलं. पण हे मला पुढे कळलं.

भाऊ खालापूरला शाळेत शास्त्र शिकवायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिळफाट्यावर चहा घेऊन सायकलवर निघायचा तो उन्हं कलता कलता कडावला पोचायचा. घामानं भिजलेला, धोतराचा सोगा साखळीच्या तेलानं काळा झालेला, आणि तोंडात नवीन काहीतरी शास्त्रीय. भाद्रपद सरताना तो आला तेव्हा वडील पाय चोळत बसले होते.

"पायांना मुंग्या येतात," ते म्हणाले. "जमिनीवर पाय ठेवला की कांबळ्यावर ठेवल्यासारखं वाटतं."

भावानं त्यांच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. तो उठला. आत येऊन मला विचारलं, "ताई, हे काय खातात?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, मी भातात काही विष घालते की काय.

पुढच्या शनिवारी तो एक पुस्तक घेऊन आला आणि ओटीवर वडिलांसमोर बसला. ते बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण त्या दोघांना इतक्या प्रेमानं बोलताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"बाबा, मेंदू म्हणजे एक शेगडी समजा. शरीरात सगळ्यात जास्त निखारा तिथे लागतो. जळण म्हणजे अन्नातली साखर. तांदूळ म्हणजे साखरच. पण नुसतं जळण असून भागत नाही. ते पेटायला एक द्रव्य लागतं, नखाच्या टोकावर मावेल इतकं. ते तांदळाच्या कोंड्यात असतं. कोंडा काढला, धुतलं, पेज टाकली, की ते गेलं. मग जळण भरपूर आणि आग नाही. नुसता धूर. पायांना मुंग्या येतात, सूज येते, आणि शेवटी स्मरण जातं. कबुतरांना नुसता पांढरा तांदूळ घातला तर त्यांच्या माना उलट्या वळतात. कोंडा घातला की त्याच दिवशी सरळ होतात."

मला वाटलं, वडील आता त्याला उठवतात. पण ते हसले.

"हे तुला आज कळलं? अन्नाचे तीन भाग होतात. जाड असतो तो बाहेर पडतो, मधला असतो त्याचं मांस होतं, आणि सगळ्यात सूक्ष्म असतो तो वर जातो, दही घुसळल्यावर लोणी वर यावं तसा. त्याचं मन होतं. मन अन्नाचंच आहे, रे. एका मुलाला त्याच्या बापानं सांगितलं, काही दिवस काही खाऊ नकोस, नुसतं पाणी पी. मग म्हणाला, आता शिकलेलं म्हणून दाखव. मुलाला काही आठवेना. बाप म्हणाला, मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरलाय तुझ्यात. जा, जेव. जेवून आला नि सगळं आठवलं."

भाऊ हरखला. "म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"मान्य म्हणजे? आमच्याकडूनच गेलंय ते."

"मग तुम्ही त्या मुलासारखंच करताय."

"तो मुलगा उपाशी होता," वडील शांतपणे म्हणाले. "मी जेवतो."

सिद्धान्तात बापलेकांचं असं एकमत झालं की वाद घालायला काही शिल्लक राहिलं नाही. प्राण, अग्नी, मेंदू, साखर, सगळं जिथल्या तिथे जुळलं. फक्त पानावर काय वाढायचं तेवढंच जुळलं नाही. मी आतून म्हटलं, "या हिशेबानं आपली म्हैस घनपाठी व्हायला हवी." भाऊ हसला नाही. वडील हसले, म्हणाले, "तिचा स्वर चांगला आहे."

भावानं गोळ्या आणल्या. कोंडा नको तर औषध घ्या, औषध म्हणजे अन्न नव्हे. वडिलांनी गोळी हातात घेऊन विचारलं, "ही कशाची?" आमच्या घराण्यात खोटं बोलायची अक्कल पुरुषांना दिलेलीच नाही, जी थोडीफार होती ती माझ्याकडे आली. भाऊ म्हणाला, "किण्वाची. म्हणजे आंबवताना जो फेस, जो साका..."

"दारूचा गाळ," वडील म्हणाले आणि गोळी त्याच्या हातावर परत ठेवली.

मागाहून मी भावाला म्हटलं, "काशीची भस्मगोळी आहे म्हणून सांगितलं असतंस तर?"

"खोटं कसं सांगू, ताई?"

"जसं सगळे सांगतात तसं. तोंडानं."

कर्जतचे डॉक्टर टांग्यातून आले. त्यांनी सुई सांगितली. वडिलांनी त्यांना खाटेवर बसवलं, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली, गूळ-पाणी दिलं आणि सुई घेतली नाही. संकल्प पुरा झाला की म्हणाल ते घेईन, म्हणाले. डॉक्टर जाताना मला बाजूला म्हणाले, "संकल्प लवकर पुरा करायला सांगा." मी होय म्हटलं. जणू पाठ मीच अडवून धरला होता.

मग मी उखळ सुलटं केलं. कुणब्याच्या बाईला बोलावलं. ती मुसळ उचलता उचलता म्हणाली, "मशीन बिघाडली का गं?"

"नाही. माणूस बिघडलं."

आम्ही दोघींनी तांदूळ कांडला, बेतानं कांडला, वरचं लाल साल तसंच राहू दिलं. पेज न वेळता भात केला. तांदूळच होता, धान्य तेच, शेत तेच. वडिलांच्या पानावर वाढला. ते बघत राहिले.

"हा काय गं?"

"आपलाच. हातसडीचा. पूर्वी हाच तर खायचो, बाबा."

"मी शुभ्र म्हटलं होतं."

"एका शब्दासाठी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला माझं बोलणं ऐकू आलं. एका शब्दासाठी. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्या कशासाठी गेलं होतं? ते पानावरून उठले, रागानं नाही, आणि त्या दिवशी उपाशी राहिले. आणखी एकदा मी कोंडा भिजवून, वस्त्रगाळ करून, त्या पाण्यात पांढरा तांदूळ शिजवला. त्यांना वास आला. पुन्हा उपास. तिसऱ्यांदा करायचं धैर्य मला झालं नाही. असा भात घालून काय उपयोग, जो ते खाणार नाहीत. निदान पांढरा खात तरी होते.

दिवाळी गेली. वडिलांचे पाय केळीच्या खुंटासारखे झाले. चालताना ते पाय फाकवून, बोटीवर चालल्यासारखे चालायचे. मांडी घालता येईना, म्हणून ओटीवर पाय लांब करून पाठ म्हणायचे, आणि पाय लांब करून वेद म्हणावा लागतो याची त्यांना इतकी लाज वाटे की पायांवर उपरणं टाकून ठेवत. पाठाचंही तेच झालं होतं. आधी तीळभर चुका होत्या, त्या आता सुपारीएवढ्या झाल्या. मधली ओळच गळायची. म्हटलेलं पुन्हा म्हणायचे. थांबायचे. मी आत हातातलं काम सोडून उभी राहायची, पुढचा शब्द माझ्या दातांमागे येऊन थांबलेला. बाहेर शांतता. मग त्यांचा आवाज: "चुकलं."

मी सांगितलं असतं तर? ते मी रोज स्वतःला विचारायची. पण त्यांना शब्द भिक्षेत नकोच होता. एका परक्या मुलानं दिलेला शब्द त्यांना इथवर घेऊन आला होता. मुलीनं स्वयंपाकघरातून टाकलेला कुठवर नेता?

घरात हळूहळू आशा कुजत गेली. कुजण्याला आवाज नसतो. भाऊ यायचा, नडगीवर बोट दाबायचा, खळगा बघायचा. शास्त्र सांगायचं त्यानं सोडून दिलं. वडिलांनी ती मुलाची आणि काजव्याची गोष्ट त्याला आणखी दोनदा सांगितली, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली.

मार्गशीर्षातली थंडी होती. रविवार, म्हणून भाऊ घरी होता, ओटीच्या पायरीवर सायकलचं चाक उलटं करून बसला होता. मी आत तांदूळ निवडत होते. वडिलांनी पाठ सुरू केला. पहिला शब्द, दुसरा शब्द, उलट, सुलट. बरोबर. मग तिसरा शब्द आला, आणि तो तिथला नव्हता.

मी वाट पाहिली, आता थांबतील. ते थांबले नाहीत. तोच शब्द घेऊन तीन पुढे गेले, तीन मागे आले, पुन्हा तीन पुढे गेले. स्वर जिथल्या तिथे; वर, खाली, मध्ये. आवाज इतका मोकळा की कित्येक महिन्यांत तसा ऐकला नव्हता. चौथा शब्दही तिथला नव्हता. पाचवा मी कधी ऐकलेलाच नव्हता. कुठला गाईचा, कुठला अग्नीचा, कुठला पहाटेचा, सगळीकडून शब्द येत होते आणि ते त्यांना बिनचूक ओवत होते. जो पहारा शब्द जपण्यासाठी उभा केला होता तो भलत्याच शब्दांना पुढून-मागून सलामी देत चालला होता. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास चुकणं नाही. असा पाठ जगात नव्हता, आणि तो त्यांनी अखेरपर्यंत म्हटला.

मग शांत झालं. मी "चुकलं" ऐकायला थांबले. ते आलं नाही.

भावानं चाक सोडलं. "बाबा, झालं का हो?" त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला त्याची कीव आली. त्याला घनातलं ओ की ठो कळत नव्हतं.

वडील त्याच्याकडे न बघता दाराकडे वळले. आत बघून म्हणाले, "आहेस ना गं आत?"

"आहे."

"चुकलो का कुठे?"

हातातला तांदूळ हातात राहिला. त्यांनी मला विचारलं होतं. म्हणजे ती शिंक, तो शब्द, माझ्या तोंडावरचा पिठाचा हात, सगळं त्यांनी ऐकलं होतं, आणि तेव्हापासून इतकी वर्षं त्यांना माहीत होतं की आत कुणीतरी त्यांच्याबरोबर चालतंय. माझी आयुष्यातली एकुलती एक परीक्षा त्यांनी अशी घेतली. मी चुकलं म्हणाले असते तर उद्या पुन्हा पांढरा भात, आणि त्या पायांत फार उद्या उरले नव्हते.

"नाही, बाबा. स्वच्छ झालं."

"तिसऱ्या शब्दापाशी मला जरा शंका आली होती."

"तिथेही बरोबर होतं."

उपरण्याखालचे पाय त्यांनी जरा हलवले.

"मग पाणी आण. संकल्प पुरा करतो."

त्या दिवशी त्यांनी आमटी खाल्ली, नाचणीची भाकरी खाल्ली, मुगाची उसळ दोनदा मागितली. भावानं गोळी पुढे केली, ती कशाची हे न विचारता घेतली. डॉक्टर पुन्हा आले, सुई टोचून गेले. उखळ पुन्हा उभं राहिलं आणि कुणब्याची बाई पुन्हा यायला लागली, "माणूस सुदारलं का?" विचारत. सुधारलं. पुढचा महिना उलटायच्या आत पायांची सूज उतरली. होळीला ते काठी न घेता देवळापर्यंत गेले. भाऊ खालापूरच्या शाळेत मुलांना सांगायचा की जुनं ज्ञान आणि नवं शास्त्र कसं एक आहे ते मी माझ्या घरी डोळ्यांनी पाहिलं. वर्गात तो कोंड्याची मूठ घेऊन जायचा. त्याला मी काही बोलले नाही. त्याची कबुतरं त्याच दिवशी सरळ झाली होती. त्याला तेवढं पुरे.

पण जेवून आल्यावर त्या मुलाला सगळं आठवलं होतं, आणि वडिलांना काही आठवलं नाही. निखारा काजव्याएवढा उरला की फुंकर घालता येते. त्याच्याही पलीकडे काही असतं, ते त्या गोष्टीत नव्हतं आणि भावाच्या पुस्तकात असलं तर त्यानं मला वाचून दाखवलं नाही. वडील रोज सकाळी ओटीवर मांडी घालून बसायचे आणि तो नसलेला वेद म्हणायचे. रोज वेगळा. शेवटी आत बघून विचारायचे, "काय गं?" आणि मी म्हणायची, "स्वच्छ." चेहरा असा उजळायचा त्यांचा. पुढच्या श्रावणीला कर्जतहून बोलावणं आलं. मी निरोप पाठवला की पायांना पुन्हा सूज आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही सूज होती. जगात इतकी सूज कुणाच्या पायांना आली नसेल.

नंतर ते गेले, जेवून, दुपारी, झोपेत. त्यांच्या दिवसकार्याला वैदिक आले होते. त्यांतला एक जण, पूर्वी ज्यानं शब्द सुचवला होता तोच, आता त्याचेही केस पिकायला लागलेले, भावाला म्हणाला, "असा शुद्ध पाठ आता ऐकायला मिळणार नाही." भाऊ रडला. मी पानं वाढत होते.

मला वाटलं होतं, निदान खरा पाठ माझ्याजवळ आहे. म्हणायचा अधिकार नाही, अर्थ माहीत नाही, पण आत कुठेतरी जिन्याचे पाय जिथल्या तिथे आहेत. त्या भरवशावर मी ती इतकी वर्षं "स्वच्छ" म्हणत आले. मला पाठ ऐकून येतो एवढंच भावाला ठाऊक; तो म्हणतो, ताई, छापील पोथी आणून देतो, तपासून बघ. आणील तो, तो बोलला की करतो. पण छापलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि मला सगळं आवाजानं आलेलं आहे.

आता मी हातसडीचाच भात खाते. पेज टाकत नाही. भावाच्या गोळ्याही घेते. परवा कांडताना ओठांतल्या ओठांत तो पाठ म्हणून पाहिला. पहिला शब्द आला. दुसरा आला. मग मुसळ वरच राहिलं. तिसऱ्या जागी दोन शब्द आले, एकदमच, दोन्ही वडिलांच्या आवाजात, दोन्ही तितकेच स्वच्छ. समोरची बाई म्हणाली, "काय गं बाय, थांबलीस का?" मी मुसळ खाली आणलं.